गाडी रात्री कुठे उभी राहणार?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही चिंचवडला चौथ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो. मी चाकणच्या एका शाळेत शिकवते. रोज येऊन-जाऊन ४४ किलोमीटर होतात, बाकीचं धरून महिन्याला साधारण १४००. आमची २०१३ ची छोटी पेट्रोल गाडी आता काढायची आहे. चाकण रोडच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा गेलाय, त्यामुळे नवी गाडी ऑटोमॅटिकच हवी. पेट्रोल ऑटोमॅटिकचं ऑन-रोड कोटेशन ९ लाख ३५ हजारांचं आलंय, तेवढ्याच आकाराच्या इलेक्ट्रिकचं १२ लाख १० हजारांचं. तिची बॅटरी २५ युनिटची आहे आणि माहितीपत्रकात ३१५ किलोमीटर लिहिलंय. मिस्टर म्हणतात इलेक्ट्रिक घेऊ. शोरूमवाला म्हणतो, किलोमीटरला एक रुपया खर्च, शिवाय कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची इन्कम टॅक्सची सूट. सासरे म्हणतात, बॅटरी गेली की गाडी भंगारात, आणि गणपतीला गुहागरला कसं जाणार? सोसायटीचे चेअरमन पार्किंगमध्ये प्लग द्यायला तयार नाहीत. घरचं विजेचं बिल महिना १८० युनिटचं येतं. गाडी घेतली की आम्ही दहा वर्षं तरी वापरतो. डोकं चालेनासं झालंय. काय करू?
– एक शिक्षिका, चिंचवड

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात शेवटाकडे चेअरमन प्लग द्यायला तयार नाहीत असं एक वाक्य आहे. माझ्या दृष्टीने तुमचं अख्खं पत्र त्या वाक्यावर उभं आहे. इलेक्ट्रिक की पेट्रोल हा विचार बहुतेक लोक पेट्रोलच्या भावापासून सुरू करतात. मी आधी विचारते, गाडी रात्री कुठे उभी राहणार, आणि तिथे प्लग आहे का? असेल, तर रोज चाकणला जाणाऱ्या तुमच्यासारखीने इलेक्ट्रिकच घ्यावी. नसेल आणि मिळणारच नसेल, तर घेऊ नये. मला दोन्हीबद्दल शंका नाही, का ते सांगते.

माझ्याकडे गेली साडेतीन वर्षं छोटी इलेक्ट्रिक गाडी आहे. तिच्यावर ५८ हजार किलोमीटर झालेत. त्यातले बहुतेक रात्री पार्किंगमधल्या साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर भरलेले. जेवणं झाली की खाली जाऊन प्लग लावायचा, सकाळी काढायचा. मोबाइल लावतो तसंच.

आधी शोरूमवाल्याच्या दोन गोष्टी. व्याजावरची दीड लाखाची सूट आता नाही. आयकराच्या ८०ईईबी कलमाखालची ती सवलत १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. आज कर्ज काढलंत तर त्यात बसत नाही. ही सूट धरून कुणी तुम्हाला हप्ता परवडवून दाखवत असेल, तर तो कागद बाजूला ठेवा आणि नवा मागा. केंद्राची सध्याची अनुदान योजनाही खासगी मोटारींसाठी नाही. महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला मोटार वाहन कर माफ आहे, ही सवलत मात्र खरी. पेट्रोल गाडी दहा लाखांच्या आतली असेल तर वैयक्तिक नावावर ११ टक्के भरावा लागतो. तेव्हा इलेक्ट्रिकच्या कोटेशनमध्ये रोड टॅक्सच्या रकान्यात काय लिहिलंय ते नीट बघा. 'रजिस्ट्रेशन आणि इतर' असा एकच ढोबळ आकडा असेल तर तो फोडून मागा. जीएसटी इलेक्ट्रिकवर ५ टक्के आहे. छोट्या पेट्रोल गाड्यांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला, आधी उपकर धरून २९ होता. म्हणून दोन्ही गाड्यांच्या किमतीतलं अंतर पुन्हा वाढलंय. दोन वर्षांपूर्वी कुणी केलेला हिशेब तुमच्या उपयोगाचा नाही.

आता 'किलोमीटरला एक रुपया'. हे वाक्य महाराष्ट्रात फार जपून घ्यावं लागतं, कारण महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं. पहिल्या शंभर युनिटना सहा रुपयांच्या आसपास पडतात, १०१ ते ३०० ना अकराच्या आसपास, तीनशेच्या वर गेलात की चौदा-पंधरा, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. गाडीची युनिटं तुमच्या घरच्या युनिटांच्या डोक्यावर जाऊन बसतात, म्हणजे सगळ्यात महागड्या टप्प्यात. माझ्याकडे पहिल्या महिन्याचं बिल आलं तेव्हा अठराशेचं थेट पाच हजार झालं होतं. मिस्टरांनी गीझर चालू राहिला होता का म्हणून विचारलं. मीही दोन दिवस घाबरून होते, मग पेट्रोलचं पाकीट उघडून बघितलं, ते जसंच्या तसं भरलेलं होतं.

तुमचे आकडे घेऊन बसू. १४०० किलोमीटरला, युनिटला सात किलोमीटर धरले तर बॅटरीत २०० युनिटं लागतात. चार्जिंग करताना थोडी वीज वाटेत उष्णतेत जाते, त्यामुळे मीटरवर सव्वादोनशेच्या आसपास पडतील. घरचे १८० आणि गाडीचे २२५ मिळून ४०५. म्हणजे गाडीची १२० युनिटं अकराच्या टप्प्यात आणि १०५ युनिटं चौदा-पंधराच्या टप्प्यात. शुल्कासकट साधारण ३३०० रुपये. किलोमीटरला दोन रुपये पस्तीस पैसे झाले, एक रुपया नव्हे.

तरीही पेट्रोल ऑटोमॅटिकशी तुलना करून बघा. मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा हा तुमचा रस्ता. संध्याकाळी सुटताना तिथे गाडी पळते कमी आणि उभी राहते जास्त, आणि उभ्या गाडीचं इंजिन पेट्रोल पितच असतं. मी ॲव्हरेज १४ धरते. १४०० किलोमीटरला शंभर लिटर, लिटरला १०४ रुपये धरले तर १०,४०० रुपये. इलेक्ट्रिक गाडी उभी असताना एसी आणि दिव्यांपुरतीच वीज घेते आणि ब्रेक मारताना थोडी परत भरते, त्यामुळे तुमच्यासारख्या ट्रॅफिकमध्ये तिचं ॲव्हरेज उलट सुधारतं. महिन्याला ७१०० रुपयांचा फरक पडतो, वर्षाला ८५ हजार.

यात सर्व्हिसिंगचे चार-एक हजार वाचतील. ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, ऑइल फिल्टर नाही. पण विमा थोडा जास्त जाईल. थर्ड पार्टीच्या हप्त्यात इलेक्ट्रिक मोटारीला १५ टक्के सूट आहे, तरी गाडीची किंमतच जास्त असल्यामुळे स्वतःच्या नुकसानीचा भाग वाढतो. बॅटरीच्या वजनाने टायरही लवकर झिजतात, माझे पहिले चार ३६ हजारांवर बदलले. या सगळ्याचं उणं-अधिक करून वर्षाला ८३ हजार वाचतात असं मी धरते.

तुमच्या दोन कोटेशनमधला फरक पावणेतीन लाखांचा. तो कर्जातून गेला तर ९ टक्क्यांनी पाच वर्षांत त्यावर आणखी ६७-६८ हजार व्याज. म्हणजे जास्तीचे सुमारे ३ लाख ४२ हजार. वर्षाला ८३ हजारांनी हे चार वर्षांत आणि वर महिना-दीड महिन्यात फिटतात. तुम्ही गाडी दहा वर्षं वापरणार, तेव्हा उरलेली जवळजवळ सहा वर्षं निव्वळ तुमची.

हाच हिशेब महिन्याला पाचशे किलोमीटर चालवणाऱ्या घरासाठी केला तर पैसे फिटायला दहा-अकरा वर्षं लागतात. तुमच्या सासऱ्यांच्या वयाचे माझे एक शेजारी आहेत. बँक, भाजी आणि महिन्यातून एकदा मुलीकडे, एवढंच त्यांचं फिरणं. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी पेट्रोलच घ्या म्हणाले. सासऱ्यांचं म्हणणं त्यांच्या वापरासाठी बरोबर आहे. गाडी चाकणला तुम्ही नेणार आहात, म्हणून उत्तर बदलतं.

आता चेअरमनकडे येऊ. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण मला येणाऱ्या पत्रांतली निम्मी याच पायरीवर अडलेली असतात.

चेअरमन नाही म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या मनात तीन भीती असतात. आग लागेल, सोसायटीच्या कॉमन मीटरवर बिल पडेल, आणि उद्या पन्नास लोक मागायला लागतील. तोंडी बोलत बसलात तर या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंततात आणि सभा संपते. तुम्ही लेखी अर्ज द्या. त्यात स्पष्ट लिहा की वीज माझ्याच मीटरवरून किंवा माझ्या नावाच्या नव्या मीटरवरून घेणार, केबलचा आणि कामाचा सगळा खर्च माझा, काम परवानाधारक इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरकडून करून घेणार, आणि त्याचा नकाशा सोबत जोडला आहे. नकाशा म्हणजे फार काही नको. मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल कुठून जाणार, पाइपातून की ट्रेमधून, एमसीबी (जादा भार आला की पडणारा खटका) कुठे बसणार, अर्थिंग कुठे, एवढं एका कागदावर हवं.

तुमच्या हातात एक भक्कम मुद्दा आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार ग्राहकाला गाडी चार्ज करण्यासाठी स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. अर्जात त्याचा उल्लेख करा, पण धमकी म्हणून करू नका. त्याच इमारतीत तुम्हाला पुढची वीस वर्षं राहायचंय. चेअरमनना म्हणा, आज मी एकटी आहे तोवर आपण नीट पद्धत ठरवू, म्हणजे पुढच्या पन्नास जणांनाही तीच लागू होईल. कुणाची केबल कुठून जावी, मीटर कुठे बसावा, मंजूर भार किती वाढवावा लागेल, हे पहिल्या अर्जाच्या वेळीच ठरलं तर नंतर जिन्याखाली वायरींचं जाळं होत नाही. आमच्या सोसायटीत असंच झालं. पहिला अर्ज माझा होता आणि नऊ महिने अडला. चौथ्या गाडीला मात्र एका आठवड्यात परवानगी मिळाली, कारण तोवर ट्रे टाकून झाला होता.

स्वतंत्र जोडणी घेण्यात पैशाचाही फायदा आहे. गाड्यांच्या चार्जिंगसाठी महावितरणचा वेगळा दर आहे, तो घरगुती टप्प्यांसारखा चढत नाही. चालू दर आणि स्थिर आकार तुमच्या उपविभागीय कार्यालयात विचारून घ्या. समजा सगळं धरून युनिट ९ रुपयांना पडलं, तर महिन्याचे ३३०० चे दोन हजारांच्या आसपास होतील. घरात पुढे दुसरी इलेक्ट्रिक येण्याची शक्यता असेल तर नक्कीच वेगळा मीटर घ्या. (बैठ्या घरात किंवा बंगल्यात राहणाऱ्यांचं गणित आणखी सोपं आहे. पीएम सूर्यघर योजनेत छतावर तीन किलोवॉट सौर बसवलं तर ७८ हजार अनुदान मिळतं, आणि तेवढ्यात महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिटं निघतात. तुमच्या गाडीला सव्वादोनशे लागतात.)

केबलच्या बाबतीत हात आखडू नका. गाडी सलग सहा-सात तास १५ अँपिअर ओढते. गीझर दहा मिनिटं चालतो, हा फरक इलेक्ट्रिशियनलाही कधीकधी समजावून सांगावा लागतो. माझ्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा बसवलेलं सॉकेट स्वस्तातलं होतं. तिसऱ्या आठवड्यात प्लग काढताना बोटांना चटका बसला, बघितलं तर सॉकेटचं एक भोक तपकिरी झालेलं. त्याच दिवशी औद्योगिक वापराचं जाड सॉकेट, वेगळा एमसीबी आणि गळतीला तुटणारा आरसीसीबी लावून घेतला. तेव्हापासून काही नाही. एक्स्टेंशन बोर्डावर गाडी कधीच लावू नका, एका रात्रीपुरतीसुद्धा. सासऱ्यांना आगीची भीती वाटते ना, तर त्यांना हे काम स्वतः उभं राहून करून घ्यायला सांगा.

आणि परवानगी मिळालीच नाही तर? तर बाहेरच्या फास्ट चार्जरवर अवलंबून राहावं लागेल. तिथे युनिट वीस-बावीस रुपयांना पडतं, तरी तुमचे महिन्याचे साडेचार-पाच हजारच होतील. पैसे वाचतीलच. पण २५ युनिटची बॅटरी १० टक्क्यांपासून ८० पर्यंत भरली की सव्वाशे किलोमीटर मिळतात. म्हणजे महिन्यातून अकरा-बारा वेळा चार्जरपाशी जाऊन पाऊण-एक तास थांबायचं, आधीची गाडी लागलेली असेल तर आणखी. शाळा सुटल्यावर, पेपर तपासायचे असताना, घरी स्वयंपाक व्हायचा असताना. हे तुमच्याकडून दोन महिन्यांच्या वर होणार नाही आणि व्हायलाही नको. त्या परिस्थितीत पेट्रोल ऑटोमॅटिक घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. सीएनजीही खिशाला बरी पडते, पण तिच्यात ऑटोमॅटिक फार थोड्या मिळतात आणि पंपावरची रांग तुम्ही रोज बघताच. गुडघ्याचा विचार आधी.

आता गुहागर. चिंचवडहून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. खंबाटकी चढून सातारा, उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली उतरून चिपळूण आणि मग गुहागर. माहितीपत्रकातले ३१५ विसरा. तो आकडा चाचणीच्या ठरावीक चक्रात निघतो. २५ युनिटची गाडी तुम्हाला शहरात १८० ते २०० देईल, आणि हायवेला शंभरच्या वेगाने एसी लावून चार माणसांसकट १५० ते १६०. म्हणजे साताऱ्याला जेवणाच्या वेळी एकदा चार्जिंग, आणि चिपळुणात चहाच्या वेळी थोडं. पाटण-कोयना पट्ट्यावर भरवसा ठेवू नका, साताऱ्याहून निघतानाच भरपूर भरून घ्या. कुंभार्ली उतरताना गाडी ब्रेकमधून वीज परत घेते, तिथे टक्के हलतच नाहीत, कधीकधी एक-दोन वाढतात. लहान मुलं असतील तर त्यांचा पूर्ण घाट त्या आकड्याकडे बघण्यात जातो. परत येताना तोच घाट चढायचा असतो, त्यामुळे चिपळूण पुरेसं भरूनच सोडायचं. पेट्रोलने सात तास लागत असतील तर इलेक्ट्रिकने साडेआठ धरा. गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत चार्जरवर रांग असते, तेव्हा पहाटे निघा किंवा एक दिवस आधी निघा.

इथे माझी एक चूक सांगते. गेल्या वर्षी कराडहून परत येताना ॲपवर चार्जर चालू दाखवत होता म्हणून मी ३१ टक्क्यांवर तिथे पोचले. मशीनचा पडदा काळा होता. वॉचमन म्हणाला, "मॅडम, चार दिवस झाले बंद आहे, सगळे येऊन परत जातात." पुढचा चार्जर ३८ किलोमीटरवर. एसी बंद केला, डावीकडच्या लेनने साठच्या वेगाने निघाले आणि ११ टक्क्यांवर पोचले. रस्त्यात थांबलेल्या पेट्रोल गाडीला कुणी बाटलीतून लिटरभर आणून देतं, इलेक्ट्रिकला चाकं टेकवून टोचनही करता येत नाही, आख्खी गाडी ट्रकवर चढवावी लागते. तेव्हापासून प्रवासात बॅटरी चाळीस टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही, आणि त्या चार्जरवर शेवटची गाडी कधी भरली गेली ते ॲपमध्ये बघून किंवा तिथल्या हॉटेलला फोन करून मगच निघते. तुम्हीही तीन वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप आधीच उघडून, त्यांत शंभर-दोनशे रुपये भरून ठेवा. हायवेवर उभं राहून, रेंज नसताना ओटीपीची वाट बघणं फार त्रासाचं असतं.

गुहागरच्या घरी आणखी एक गोष्ट आधी करून घ्या, ती म्हणजे अर्थिंग. जुन्या कोकणी घरांत तिसरी पिन बहुतेक नावालाच असते. गाडीसोबत येणारा चार्जर अर्थिंग तपासतो, नसेल तर लाल दिवा लावून बसतो आणि एक युनिटसुद्धा भरत नाही. माझ्या माहेरी पहिल्या रात्री हेच झालं. सकाळी गावातल्या वायरमनने अंगणात खड्डा काढून कोळसा-मीठ घालून प्लेट पुरली, पंधरा अँपिअरचा वेगळा पॉइंट काढला, संध्याकाळी गाडी निमूट भरायला लागली. गावात दोन-तीन दिवस राहणार असाल तर रात्रीची वीज मधे गेली तरी चालतं, परत आली की गाडी पुढे भरू लागते.

तरी मला मनापासून वाटतं की गुहागरच्या प्रवासावरून गाडी ठरवू नये. वर्षातून दोनदा गेलात, तरी जायचे दोन आणि यायचे दोन असे चार दिवस. चाकणला तुम्ही दोनशेहून जास्त दिवस जाता. याच कारणासाठी मोठ्या बॅटरीची, दोन-अडीच लाखांनी महाग गाडीही घेऊ नका. रोजच्या ४४ किलोमीटरला २५ युनिट भरपूर आहेत, तीन दिवसांतून एकदा लावली तरी चालेल. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवरच्या टोलमाफीचं राज्याच्या धोरणात आहे, अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. तुमच्या दोन्ही वाटांवर यांतला एकही रस्ता नाही, तेव्हा ती बचत हिशेबात धरू नका.

सासऱ्यांची बॅटरीची काळजी मला पटते. गाडीतली सगळ्यात महाग वस्तू तीच. पण 'गेली की भंगार' असं होत नाही. मोबाइलसारखी ती हळूहळू उतरते आणि त्याहून पुष्कळ सावकाश. आता बऱ्याच गाड्यांवर बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवर हमी असते. तुमचे वर्षाला १७-१८ हजार होतात, म्हणजे आठ वर्षांत १ लाख ४० हजारांच्या आसपास. पूर्ण हमी तुमच्या वापरात बसते. फक्त क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की बदलून देणार, ते लेखी घ्या. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर महिन्यातून दोन-तीनदा पूर्ण शंभरपर्यंत भरा, त्यामुळे उरलेले टक्के गाडी बरोबर दाखवते. विमा घेताना बॅटरीचं आणि चार्जरचं वेगळं संरक्षण त्यात घाला. पाण्याचं म्हणाल तर २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या पुराने कुठलंही इंधन बघितलं नाही. पार्किंगमध्ये पाणी शिरत असेल तर चार्जिंगचा डबा छातीच्या उंचीवर बसवा.

एक उणी बाजू राहिली. इलेक्ट्रिक जुनी विकताना पडत्या भावाने जाते. चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्यांना मी म्हणूनच नको म्हणते. तुम्ही दहा वर्षं ठेवता, तुम्हाला ते फारसं लागणार नाही.

आणि गुडघा. पेट्रोल ऑटोमॅटिकमध्येही क्लच नसतो, ती दुखण्यातून सुटका दोन्हीकडे आहे. पण त्या किमतीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त गिअर यंत्र बदलतं, आणि तो ट्रॅफिकमध्ये झटके देतो. इलेक्ट्रिकमध्ये गिअरच नसतात, आणि पाय उचलला की गाडी आपोआप हळू होते, त्यामुळे उजवा पायही ब्रेकवर कमी जातो. हे मी सांगून कळणार नाही. दोन्ही गाड्यांची टेस्ट ड्राइव्ह मागा, पण शोरूमच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर नको. शाळा सुटायच्या वेळी, आळंदी फाट्याच्या गर्दीत, अर्धा-अर्धा तास. सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा.

त्याआधी, याच आठवड्यात, सोसायटीला अर्ज द्या आणि पोच घ्या. बुकिंगचे पैसे परवानगीचं पत्र हातात पडल्यावर. शोरूमवाला 'ऑफर महिनाअखेरपर्यंतच' म्हणेल, म्हणू दे. पुढच्या महिन्यातही ऑफर असते.